लढाईचं मैदान बघायला जाताना घोड्याचा हिशेब कसा मांडायचा

सोळा-सतरा वर्षांखालची गोष्ट. आमच्या परतूर तालुक्यातल्या एका गावात वरात चालली होती. नवरदेव पाया पडायला मारुतीच्या देवळात गेलेला, घोडी दारात उभी. कुणीतरी हजाराची लड तिच्या मागल्या पायांशी पेटवली. घोडी उधळली, पुढचा डावा पाय गटारीवरच्या दोन फरश्यांच्या फटीत गेला आणि नळीचं हाड मोडलं. मी तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होतो. रात्री अकराला बोलावणं आलं. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो आणि डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं. नंतर जीन उतरवली, तर जरीच्या झुलीखाली तळहाताएवढी पाठ सोललेली. जखम जुनी होती, खपली धरून परत परत निघालेली. पाय मोडायच्या आधी कित्येक दिवस ते जनावर ती पाठ घेऊन वरातीत नाचत होतं, आणि आमच्यापैकी कुणी झूल उचलून बघितली नव्हती.

तेव्हापासून लढायांची वर्णनं वाचताना 'घोडी कामास आली', म्हणजे मेली, या तीन शब्दांपाशी मी थांबतो. आता निवृत्त झालोय. दिवाळीच्या सुट्टीत गावातली आठवी-नववीची लेकरं घेऊन आसई, राक्षसभुवन, उदगीर अशा ठिकाणी जातो. त्यांना जे करायला लावतो तेच इथं लिहितो. तुम्ही तुमच्या लेकरांना घेऊन जा, नाहीतर एकटे जा.

निघण्याआधी

एक वही घ्या. पानावर पाच रकाने पाडा: पाणी, वैरण, पाठ, खूर, आवाज. सरदारांची नावं आणि जय-पराजय दुसऱ्या वहीत लिहा, या वहीत नको. मग ज्या लढाईला जायचं तिचं वर्णन वाचा आणि प्रत्येक मुक्कामाला एकच प्रश्न विचारा: आज घोड्यांनी काय खाल्लं आणि कुठं प्यायलं?

आकडा मांडल्याशिवाय हा प्रश्न अंगाला लागत नाही. समजा फौजेत 10,000 घोडी आहेत. पेशवाईतल्या मोठ्या मोहिमेसाठी हा आकडा लहानच. 1728 च्या पालखेडच्या मोहिमेत बाजीरावांचं घोडदळ सहसा 25 हजारांचं सांगतात. घोड्याला दिवसाला किमान 25 लिटर पाणी लागतं, उन्हात चाल असेल तर त्याहून कितीतरी जास्त. 10,000 घोड्यांना अडीच लाख लिटर झालं. आपल्याकडं टँकर काय असतो हे कुणाला सांगायला नको. 10,000 लिटरचे 25 टँकर, रोज, आणि त्यात माणसं, बैल, हत्ती, उंट धरलेले नाहीत. आता वैरण. दक्षिणी तट्टू अंगानं लहान, तरी सहा-सात किलो सुकी वैरण हवी, म्हणजे दिवसाला 60 ते 70 टन. वर चंदी. चंदी म्हणजे घोड्याचा दाण्याचा रतीब, बहुतेक हरभरा. दोन किलोच धरा, रोज 200 क्विंटल होतो. आपल्या मोंढ्यात 200 क्विंटल हरभऱ्याची थप्पी केवढी दिसते ते जाऊन बघा आणि उद्या परत तेवढीच लागणार आहे हे ध्यानात ठेवा.

हे एवढं कुठून यायचं? उभ्या रानातून. फौज पुढं गेली की मागं ज्वारीची धाटंसुद्धा राहायची नाहीत. म्हणून वैरणीच्या रकान्यात कुणब्याचं नावही लिहा. घोड्याची भूक आणि शेतकऱ्याची भूक एकाच कणसावर येऊन भिडायची. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे, ते या कामासाठी जरूर वाचा. दाणा-वैरण बेतानं वापरा, पावसाळाभर पुरली पाहिजे. मनमानेल तशी उधळलीत तर पुढं काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलंय. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका असा त्याचा रोख आहे. आणि त्यात एक उंदीर आहे. रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि सगळी पागा उपाशी मरेल. लढाई जिंकणाऱ्या माणसाची नजर उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत जात होती. मला या पत्राइतकं घोड्याच्या बाजूचं दुसरं काही वाचायला मिळालेलं नाही.

पाठीचा रकाना घरी भरा. जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं पाठीवर नको, असा आडाखा आहे. तीनशे किलोच्या तट्टाला साठ किलो. आता स्वार साठ किलोचा, त्यावर खोगीर, ढाल-तलवार, भाला, तोबरा, पडशी, पाण्याची मसक. वजनकाट्यावर एकेक वस्तू चढवा, ऐंशी-नव्वद कधी होतात कळत नाही. ते ओझं घेऊन दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर आणि असे कित्येक महिने. खोगीर ओलं झालं, तंग सैल पडला, खोगिराखालच्या कापडाला चुणी पडली की पाठ लागते. पाठ लागलेल्या घोड्याला खरं औषध एकच, जीन न चढवणं. मोहिमेत ते मिळत नव्हतं. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसते, अळ्या पडतात. मी चिमट्यानं एकेक अळी काढलेली आहे, जनावर थरथरतं पण हलत नाही.

इथं एक गोष्ट मनात पक्की करा. बैल दुखलं की हंबरतो, कुत्रं केकाटतं. घोडं बहुतेक वेळा गप्प राहतं. नाकपुड्या ताणतात, डोळ्याच्या वरची कातडी खेचली जाते, कान मागं जातात, घाम सुटतो. बखरींत घोड्यांचं दुखणं फारसं सापडत नाही याचं एक कारण मला हेच वाटतं.

आसईला गेल्यावर

आसई जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. 23 सप्टेंबर 1803 ला इथं शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली समोरासमोर आले. शक्य असेल तर सप्टेंबरातच जा. गावात जाऊन लगेच परतू नका, आधी नदीत उतरा. केळनेचे काठ उंच आणि कापलेले आहेत. वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली आणि गावं अशी आहेत म्हणजे मधे उतार, नदी ओलांडायची जागा, असणारच, असा त्यानं अंदाज बांधला. तो खरा निघाला. तुम्ही पात्रात उतरून वर चढा आणि चढताना पाय किती रुततो ते बघा. काळ्या रानात पावसानंतर बुटाला चिखलाचे गोळे लागतात, तसेच ते खुराला लागतात. नाल घातलेला खूर असेल तर गोळा आणखी घट्ट बसतो.

त्याच उतारावर घडलेला एक प्रसंग तिथं असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलाय. वेलस्लीच्या जवळच्या एका स्वाराचं डोकं तोफेच्या गोळ्यानं उडालं. धड मात्र खाली पडलं नाही, जिनाला बांधलेल्या सामानात अडकून बसलं. घोडं बिथरलं, उड्या मारत राहिलं आणि बऱ्याच वेळानं ते धड त्याच्या पाठीवरून खाली आलं. लेकरं हे ऐकून स्वाराबद्दल विचारतात. मी त्यांना घोड्याच्या जागी उभं राहायला सांगतो. घोड्याचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. पाठीवरचा माणूस लगाम सोडून लुळा झालाय, अंगावर ऊन ऊन काहीतरी ओघळतंय, आणि कान फाडणारा आवाज थांबत नाही. घोड्याला अशा वेळी एकच कळतं, पळणं. आणि लढाईची सगळी तालीम त्याचं ते पळणं मोडून काढण्यासाठीच होती.

आवाजाचा रकाना इथंच भरा. मी फटाके लावून दाखवत नाही, कुणी लावूही नयेत; सुरुवातीला सांगितलेली घोडी मला पुरेशी आहे. नुसतं शांत उभं राहा आणि लेकरांना सांगा की दुपारी तीनच्या सुमाराला इथं तोफा सुरू झाल्या आणि अंधार पडायच्या सुमारापर्यंत लढाई चालली.

वेलस्लीचा एक घोडा गोळी लागून त्याच्याखालीच पडला. नंतर बदललेल्या डायोमेड नावाच्या अरबी घोड्याला छातीत भाला लागला. त्याचं नाव आपल्याला माहीत आहे कारण त्याचा मालक पुढं मोठा झाला. सकाळपासून त्या फौजेनं वीस मैलांच्या आसपास चाल केली होती. संध्याकाळी शिंद्यांची फौज हटली तेव्हा इंग्रजांच्या घोडदळाला पाठलाग करता आला नाही, घोड्यांत दमच उरला नव्हता. हे वाक्य खुणेनं लिहून घ्या. लढाईच्या वर्णनात घोड्याची अवस्था सेनापतीला अडवते तेव्हाच ती कागदावर येते.

तारीख लिहिताना शेजारी आणखी एक लिहा. 23 सप्टेंबर 1918, पहिल्या महायुद्धातली हैफाची लढाई; हैफा म्हणजे आजच्या इस्रायलमधलं बंदर. तिथल्या घोडदळाच्या ब्रिगेडमध्ये जोधपूर आणि म्हैसूरबरोबर हैदराबाद संस्थानाचे लान्सरही होते, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात. आंबेजोगाईला, म्हणजे जुन्या मोमिनाबादला, घोडदळाची छावणी होती. मशीनगनसमोर घोडी घालायची वेळ आसईनंतर 115 वर्षांनीही संपलेली नव्हती.

राक्षसभुवनला फार वेळ लागत नाही. गोदेच्या काठी बसा. 10 ऑगस्ट 1763 ला पेशव्यांशी लढताना नदी भरलेली होती आणि निजामाची फौज दोन काठांवर तुटली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडं सापडून मारला गेला. पाण्याच्या रकान्यात लिहा: कमी पाण्यानं जशी घोडी मरतात तशी जास्त पाण्यानंही.

वाटेतले वीरगळ

येता-जाता गावातल्या जुन्या देवळापाशी थांबा. पाराखाली, वेशीजवळ वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, असतो, कधी शेंदूर लावलेला, कधी कपडे धुवायला आडवा टाकलेला. सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, नाहीतर झिजलेलं काम दिसत नाही. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. घोडा कोरलेला असेल तर बोटानं त्याची मान चाचपा, लगाम ताणलेला आहे का, रिकीब आहे का बघा. मी पाहिलेल्या दगडांमध्ये घोडा खालच्याच चौकटीत राहिलाय. वर फक्त माणूस गेलाय.

पुतळ्यातल्या घोड्याचे किती पाय वर, त्यावरून स्वार कसा मेला ते कळतं असं लेकरं हमखास सांगतात. शिल्पकारांचा तसा काही नियम नाही. तो मोह सोडा आणि घोड्याचं तोंड बघा.

परतूर ते पानिपत

उदगीरची लढाई फेब्रुवारी 1760 मधली. ती जिंकून सदाशिवरावभाऊ मार्चमध्ये आमच्या परतुरातून उत्तरेला निघाले. परतुरात याची आठवण काढणारे थोडे आहेत. तुम्ही इथं मार्चात या आणि दुधनेच्या पात्रात उभे राहा, मग टँकरचा हिशेब परत मांडा. ही तर सुरुवात होती. पुढं हजार किलोमीटरहून जास्त चाल, आणि शेवटी पानिपतला अडीच महिने एका जागी कोंडलेली छावणी. अब्दालीनं रसद तोडली. 200 क्विंटलला 75 दिवसांनी गुणा. घोडी 14 जानेवारी 1761 च्या आधीच मरायला लागली होती, तलवार न लागता. जी उरली ती त्या दिवशी उपाशीपोटी रणात गेली.

एक काम शेवटी करा, मैदानावर नाही, माळेगावच्या यात्रेत. खंडोबाच्या यात्रेला मार्गशीर्षात लोह्याजवळ घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, आणि नशीब असेल तर भीमथडीच्या वळणाचं ठेंगणं, रुंद छातीचं तट्टू दिसेल. मराठा फौजा अशाच घोड्यांवर उभ्या होत्या. मालकाला म्हणा, मामा, याला पाणी मी पाजू का? बहुतेक जण हो म्हणतात. दहा लिटरची बादली समोर धरा, हलवू नका. घोडं ओठ जेमतेम पाण्यात बुडवतं, आवाज जवळजवळ करत नाही, आणि प्रत्येक घोटाला त्याचे कान हलतात. कानांवरून घोट मोजा. एक बादली संपली की लेकराला दुसरी आणायला धाडा, मग अर्धी आणखी. अडीच बादल्या झाल्या की वही काढा आणि पाण्याच्या रकान्यात लिहा: एक घोडं, एक दिवस.