चिप करताय? आधी बर्फ आणा

कॅन्सरच्या पेशीत एखाद्या जीनवर कुठलं प्रथिन ठाण मांडून बसलंय, हे पाहायला आम्ही चिप करतो (क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन, म्हणजे अँटिबॉडीने ते प्रथिन त्याला चिकटलेल्या डीएनएसकट ओढून काढणं). प्रथिन डीएनएला चिकटून राहावं म्हणून पेशींवर १ टक्का फॉर्मल्डिहाइड, बरोब्बर १० मिनिटं. मग ग्लायसिन घालून थांबवा. मी एकदा टायमर न लावता पाषाणच्या टपरीवर चहाला गेले, पंचवीस मिनिटांनी परतले; क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचा गुंता) काही केल्या तुटेना! सोनिकेशनला (ध्वनिलहरींनी क्रोमॅटिन तोडताना) ट्यूब बर्फातच धरा. प्रोबचं टोक द्रवाच्या वर आलं की फेस होतो, सँपल गेलंच समजा. तुकडे २०० ते ५०० बेसपेअरचे झालेत का, जेलवर बघा. थोडा इनपुट (अँटिबॉडी घालण्याआधीचं क्रोमॅटिन) तुलनेसाठी बाजूला ठेवा. आयजीजी कंट्रोल (आपलं प्रथिन न ओळखणाऱ्या साध्या अँटिबॉडीची तुलनेची ट्यूब) विसरू नका. आमच्या मॅडम पहिल्यांदा तोच विचारतात.