सोसायटीत लढाईचा प्रसंग उभा करताय? या चुका टाळा

ठाण्यात राहून दरवर्षी पावनखिंडच करायची, असं कुठे आहे? मार्च १७३७मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. हा प्रसंग निवडलात तर भाड्याचे जिरेटोप सरसकट सगळ्यांच्या डोक्यावर चढवू नका. साधं पागोटं, अंगरखा, कमरेला शेला, बस्स. अंगरखा सुती आणि गुडघ्याच्या वरच संपणारा शिवा. सॅटिनमध्ये मुलं घामाघूम होतात आणि लांब घोळ पायात आला की तोंडावर पडतात.

खरी गडबड होते ती अंतरात. चार फुटी दांडपट्ट्यात हाताची लांबी मिळवा. फिरवणाऱ्यापासून चहूबाजूंनी निदान दहा फुटांवर चुन्याने रिंगण आखा. वार दंडावर किंवा मांडीवरच, तोही अंगापासून वीतभर अलीकडे थांबवायचा. चेहरा वर्ज्य. समोरच्याची ढाल वर आली, नजरानजर झाली, मगच वार. बाप-लेकीची जोडी असेल तर वेग लेकीचा. बाबांना जोर चढला की ढालीमागची बोटं ठेचतात.

‘थांबा’ ही आरोळी ढोल-ताशात कुणाला ऐकू जात नाही. दोन लांब शिट्ट्या म्हणजे हत्यारं खाली, हे प्रत्येक तालमीत घोटून घ्या.

ढालीचा पट्टा ऐन लढाईत निघतो, कारण तो ग्लू गनने चिकटवलेला असतो आणि तो गोंद उन्हात मऊ पडतो. फोमच्या ढालीला मागून पातळ प्लाय लावा आणि पट्टा नट-बोल्टने आवळा. बोल्टची डोकी ढालीच्या पुढच्या चार फुलांखाली, म्हणजे फुगीर गोल चकत्यांखाली, दडतात. मागच्या नटांवर फोमची गादी हवीच, नाहीतर मनगट सोलवटतं. फोमला रबर सोल्यूशन वापरा. दोन्ही बाजूंना लावून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. ओलं असताना दाबलेला जोड हमखास सुटतो.

पोडियमच्या टाइल्सवर मोजडी घसरते, तळाला रबर लावून घ्या. घरातली जुनी तलवार, बोथट असली तरी, आणू नका. शस्त्र कायद्याची भानगड वेगळीच, पण तिच्या वजनामुळे वार मध्येच थांबवता येत नाही.

आणि हो, पोर्तुगीज व्हायला एकही पोर तयार नसतं. दुसऱ्या फेरीला बाजू बदलणार, हे पहिल्याच तालमीत सांगून टाका. दोन्हीकडे विजार एकच ठेवा, म्हणजे फक्त पागोटं-टोपी आणि अंगरखा-कोट बदलून काम भागतं.