जुन्या पिकअपच्या सस्पेन्शन-स्टीअरिंग कामाची मजुरी कशी काढावी

लेबर गाइडमधले (कोणत्या कामाला किती तास धरायचे ते सांगणाऱ्या पुस्तकातले) तास बहुधा गंज नसलेल्या गाडीचे असतात. १५-२० वर्षं चाललेल्या पिकअपवर वेळ खातो तो पार्ट नव्हे, बोल्ट. त्यामुळे गाडी वर घेऊन खालून पाहिल्याशिवाय आकडा सांगू नका.

तपासणी आधी गाडी जमिनीवर असतानाच करा. एकाने स्टीअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खालून पिटमन आर्म, आयडलर आर्म आणि टाय रॉडच्या (स्टीअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांच्या) सांध्यांवर हात ठेवायचा. खेळ (सांध्यातला सैलपणा) कुठे आहे ते लगेच कळतं. मग जॅक लावा. स्प्रिंग सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्याच आर्मखाली, नाहीतर बॉल जॉइंटवरचा (आर्म आणि चाकाचा भाग जोडणाऱ्या गोल सांध्यावरचा) ताण सुटत नाही आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ आढळला तर ब्रेक दाबून पुन्हा हलवा: खेळ गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर जॉइंटचा.

आता तास. पुढचे दोन्ही खालचे बॉल जॉइंट, बाहेरचे टाय रॉड एंड आणि शॉक बदलायचे आहेत असं धरू. सुटे धरले तर प्रत्येकी २, ०.६ आणि ०.६ तास, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६.४. पण चाक एकदाच निघतं, आणि बॉल जॉइंटसाठी टाय रॉड बहुतेक वेळा नकलमधून (चाक ज्यावर बसतं आणि वळतं त्या भागातून) काढावाच लागतो. म्हणून बॉल जॉइंटचे ४ पूर्ण घ्या, टाय रॉडचे दोन्ही मिळून ०.५, शॉकचेही दोन्ही मिळून ०.६, एकूण ५.१. त्यावर गंजाचे ३० टक्के, म्हणजे साधारण ६.६. अलाइनमेंटचा (चाकांचे कोन जुळवण्याचा) १ तास वेगळा, त्यावर गंजाची वाढ नाही. ७.६ तास झाले. हे आकडे नमुन्याचे. तुमच्या मॉडेलचे तास गाइडमधून घ्या, हिशोबाची रीत मात्र हीच. टाय रॉडचा अ‍ॅडजस्टिंग स्लीव्ह (फिरवून रॉडची लांबी कमी-जास्त करायची नळी) जाम असेल तर अलाइनमेंट होणारच नाही, म्हणून तो आधी फिरवून बघा.

कंपनीचा वरचा बॉल जॉइंट रिव्हेटचा असेल तर रिव्हेट ग्राइंडर-ड्रिलने काढायला बाजूमागे अर्धा तास जादा धरा.

सगळ्यात फसवं काम मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं). पाट्याच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल कडीतला) बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटतो. मग नट सुटला तरी बोल्ट बाहेर येत नाही, तो कापावा लागतो. दोन तासांचं काम चारवर जातं ते इथेच. बोल्ट, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारा हलता दुवा), बुश आणि यू-बोल्ट (पाट्याला अ‍ॅक्सलवर आवळणारे) नवेच धरा. ताणलेला यू-बोल्ट परत वापरला तर पकड राहत नाही, अ‍ॅक्सल सरकतो आणि काम परत तुमच्याच अंगावर येतं.

रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळा. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेल्या स्थितीत अडकतं आणि लवकर फाटतं. यासाठी लागणारी १५-२० मिनिटं अंदाजातच घ्या. बहुतेक जण ती विसरतात.

लेखी अंदाजात दोन आकडे द्या: बोल्ट नीट सुटले तर इतके, कापावे लागले तर इतके. कापण्याआधी ग्राहकाला फोन करू, हेही त्यात लिहा.