आजोबांच्या मागे राहिलेली बारा बोर: परवानाधारक वारल्यावर बंदुकीचं काय करायचं

सातारा-सांगलीकडच्या गावांतून फौजेत गेलेली माणसं पुष्कळ. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. निवृत्त होऊन आल्यावर यांतल्या अनेकांनी बारा बोरच्या बंदुकीचा परवाना काढला. कुणाला बँकेत किंवा साखर कारखान्यावर रखवालीची नोकरी धरायची होती, कुणाची वस्ती गावापासून लांब मळ्यात होती, आणि काहींनी तो निव्वळ ऐटीसाठी काढला, हेही खरं. ती पिढी आता सरत चालली आहे. बंदूक मात्र कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली पडून असते. तेराव्याला भाऊबंद बसले की सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीचं बोलणं निघतं, बँकेतल्या ठेवीचं निघतं. बंदुकीचं कुणी काढत नाही.

ते खरं तर सगळ्यांत आधी निघायला हवं. शस्त्र परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. तो माणूस गेला की त्या घरात बंदूक ठेवण्याचा अधिकार कुणाकडेच उरत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून विनापरवाना बंदूक बाळगण्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची शिक्षा आहे. दुखवट्याच्या दिवसांत कुणी पोलीस दारात येणार नाही. पण वर्ष-दोन वर्षं तसंच गेलं आणि मग भावकीतल्या कुणी बांधाच्या भांडणात अर्ज टाकला, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

आधी बंदुकीला हात कुणी लावायचा ते ठरवा

घरात फौजेतला किंवा पोलिसातला कुणी असेल तर त्यालाच बोलवा. बाकीच्यांनी, विशेषतः पोरांनी, खोलीबाहेर राहायचं. बंदूक रिकामी आहे असं कुणीही सांगितलं तरी ती भरलेली आहे असंच धरून चालायचं. नळीचं तोंड माणसांकडे, वरच्या माळ्याकडे किंवा शेजारच्या भिंतीकडे नको. घोड्याजवळ बोट नको. दुनळी किंवा एकनळी मधून मोडून उघडते. उघडल्यावर मागच्या बाजूने नळीत काडतूस आहे का ते दिसतं. असेल तर काढून वेगळं ठेवायचं. पुढून नळीत डोळा घालून बघायचं नाही, कितीही मोह झाला तरी. वर्षानुवर्षं पडून गंजलेली बंदूक उघडत नसेल तर जोर लावू नका, हातोडी तर नकोच.

ठासणीची बंदूक असेल तर अजिबात खटपट करू नका. तिच्यात दारू तोंडाकडून ठासलेली असते, त्यामुळे भरली आहे की नाही ते मागून उघडून बघायची सोयच नाही. दारू जुनी झाली म्हणजे मेली, अशी समजूत आहे आणि ती चुकीची आहे. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनीही पेट घेते. अशी बंदूक जागेवरच राहू द्या, खोलीला कुलूप लावा आणि ठाण्यात तसं स्पष्ट सांगा.

काडतुसं शोधा. ती बंदुकीजवळ नसतातच. ट्रंकेत, धान्याच्या कोठीमागे, देवघराच्या खणात, कुठेही निघतात. मोजा आणि आकडा लिहून ठेवा. परवान्याच्या पुस्तकात जितकी खरेदी नोंदलेली आहे त्याच्याशी तो जुळला नाही तरी जो खरा आकडा आहे तोच लिहायचा. जास्तीची काडतुसं विहिरीत टाकणं किंवा शेतात पुरणं हा सुज्ञपणा नव्हे.

मग ठाण्यात जमा करा

कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे असं शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे, जमा करायचं असतं. पण बंदूक मोटारसायकलला बांधून थेट ठाणं गाठू नका. वाटेत नाकाबंदीत अडकलात तर तुमच्याकडे परवाना नाही, आणि ज्याच्याकडे होता तो हयात नाही. आधी नुसता अर्ज घेऊन जा, सोबत मृत्यू दाखला आणि परवान्याची झेरॉक्स. गावच्या पोलीस पाटलांना बरोबर घेतलं तर काम सोपं होतं. बंदूक आणायची कशी, की बीट अंमलदार घरी येणार, ते ठाण्यातूनच ठरवून घ्या. अर्ज साधा असावा:

‘प्रति, पोलीस निरीक्षक. विषय: मयत परवानाधारकाचे शस्त्र जमा करून घेणेबाबत. महोदय, माझे वडील (नाव) यांचे (तारीख) रोजी निधन झाले. त्यांच्या नावे शस्त्र परवाना क्रमांक (…) होता. त्यावर नोंद असलेली १२ बोर दुनळी बंदूक क्रमांक (…) व (…) काडतुसे आमच्या राहत्या घरी आहेत. वारसांचा निर्णय होईपर्यंत ती जमा करून घेऊन पोच द्यावी, ही विनंती.’

पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठायचं नाही. तिच्यावर बंदुकीचा प्रकार, बनवणाऱ्या कंपनीचं नाव, क्रमांक, काडतुसांची संख्या आणि तारीख हवी. बंदूक देण्याआधी क्रमांकासकट फोटो काढून ठेवा. मुद्देमालाच्या खोलीत वर्षभराने शोधाशोध होते तेव्हा हाच फोटो कामाला येतो. किती मुदतीत पुढची हालचाल करायची तेही लेखी विचारा. मुदत उलटली की शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. जमा केली म्हणजे हक्क गेला असं मात्र नाही. वारसाला परवाना मिळाला तर बंदूक परत मिळते, आणि विकायची असेल तर त्याच मुदतीत विकताही येते.

ठेवायची की विकायची?

इथे माझं मत सरळ आहे. ‘घराच्या राखणीला असू दे’ एवढंच कारण असेल तर विका. घरफोडी बहुतेक वेळा घराला कुलूप असताना होते. घरची मंडळी लग्नाला गेलेली असतात आणि त्या वेळी बंदूक घर राखत नाही, उलट चोराच्या हाती लागणारी सगळ्यांत वाईट वस्तू तीच ठरते. घरात माणसं असताना रात्री कुणी शिरलं, तर झोपेतून उठून, कपाट उघडून, अंधारात काडतूस भरून नेमका चोरच ओळखायचा, हे कागदावर सोपं वाटतं. आणि स्वसंरक्षणाच्या हक्कालाही मर्यादा आहे: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत छरे मारणारा स्वतःच आरोपी होतो.

मळ्यातल्या घराला त्यापेक्षा चारही बाजूंना दिवा, मागच्या दाराला आतून आडणा, भुंकणारं कुत्रं, ११२ नंबर पाठ असलेली म्हातारी आणि हाकेच्या अंतरावरच्या वस्तीशी बरे संबंध, हे जास्त उपयोगी. रानडुकरं आणि गव्यांचं कारण सांगितलं जातं, तेही तपासून घ्या. पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. उसात बिबट्या दिसला तर फोन वनखात्याला करायचा.

विकायची असेल तर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फत, किंवा ज्याच्याकडे बारा बोरचा परवाना आहे अशा माणसाला, जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवून रीतसर. पाहुण्यांत तोंडी व्यवहार नको.

वारसाला परवाना हवा असेल तर

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही. परवान्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांचा असतो आणि कामकाज त्यांच्या कार्यालयातल्या गृह शाखेत चालतं. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. बाकीच्या सगळ्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रावर लागते. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही लागते, आणि खोळंबा बहुतेकदा तिथेच होतो. बहीण पुण्या-मुंबईत, सही कोण आणणार. सगळे एकत्र असतात त्या दिवसांतच हे कागद उरका. त्याशिवाय ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. मग ठाण्याकडून चौकशी होऊन अहवाल जातो. जुन्या परवान्याला यूआयएन, म्हणजे परवान्यांच्या राष्ट्रीय यादीतला ओळख क्रमांक, पडला होता का, तेही शाखेत विचारा. कित्येक जुन्या परवान्यांची नोंद त्या यादीत झालेलीच नसते. एका माणसाला आता दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. नव्या परवान्याची मुदत पाच वर्षं.

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या बाजूच्यांनी आणि सागरेश्वरच्या आसपासच्या गावांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नाव नोंदवावं लागतं, आणि त्या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. कोयना, चांदोली, सागरेश्वर यांच्या कुशीत किती गावं येतात ते नकाशावर बघा. अर्ज का रखडला याचं उत्तर अनेकदा यात असतं.

परवानाधारक अजून हयात असेल तर हे पुष्कळ सोपं आहे. त्याचं वय ७० झालं, किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षं झाली, यांतलं जे आधी होईल तेव्हापासून तो स्वतःच वारसाचं नाव सुचवून परवाना त्याच्याकडे देऊ शकतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये ही सोय आहे. बोलायला अवघड वाटतं, पण म्हाताऱ्याच्या देखत झालेलं काम भांडणाविना होतं.

बंदूक परत घरी आल्यावर

लोखंडी कपाट, भिंतीला बोल्टने ठोकलेलं. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि पाटण-महाबळेश्वरच्या पावसाळ्यात नळी महिन्याभरात गंजते. तेलाचा हात अधूनमधून फिरवा. सांगलीत कृष्णाकाठी राहत असाल तर कपाट वरच्या मजल्यावर घ्या. २०१९ च्या पुरात तळमजल्यांचं काय झालं ते नव्याने सांगायला नको.

जुन्या बंदुकीत नवी काडतुसं घालण्याआधी कारागिराला दाखवा. जुन्या दुनळ्यांचं घर, म्हणजे नळीत काडतूस बसायची जागा, पुष्कळदा अडीच इंची काडतुसासाठी केलेलं असतं आणि बाजारात पावणेतीन इंची मिळतं. ते आत बसतं, म्हणूनच धोका. उडवल्यावर त्याच्या तोंडाला उलगडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. वेटोळ्या नक्षीची, काळ्या दारूच्या काळातली नळी असेल तर ती भिंतीवरच शोभते. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायचं तर मनातही आणू नका. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

घरातल्या पोराला नेमबाजीचीच हौस असेल तर आजोबांची बारा बोर त्याच्या कामाची नाही. त्याला १० मीटर एअर रायफल शिकू द्या. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून आपल्याकडेही चौकशी करणारे आईबाप वाढलेत. रेंजवर प्रशिक्षकासमोर शिकावं, गच्चीवर नाही.

आणि निवडणूक लागली की परवाना असूनही ठाण्यातून बंदूक जमा करायचा निरोप येऊ शकतो. आला तर जमा करून पोच घ्या आणि निकालानंतर आठवणीने परत आणा. कित्येक बंदुका नुसत्या आळसापायी महिनोन्‌महिने ठाण्यात पडून राहतात.