मेअखेरपर्यंत करायची नेट-फोनची तयारी: मुरबाड-शहापूरच्या घरांसाठी

नेट गेलं की पहिली शिवी कंपनीला बसते. पण मुरबाड-शहापूरच्या पट्ट्यात, विशेषतः टोकावड्याच्या पुढे माळशेजकडे आणि डोळखांब-किन्हवलीच्या बाजूला, पावसाळ्यात आधी लाईट जाते आणि नेट तिच्या मागोमाग जातं. घरातला राउटर तत्क्षणी बंद पडतो. केबलवाल्याची मशीन आणि टॉवर आपापल्या बॅटरीवर काही वेळ तग धरतात, मग तेही मान टाकतात. म्हणून तयारीची सुरुवात लाईटपासून करायची, आणि वळवाचे पहिले ढग जमायच्या आत करायची.

राउटरचा अडॅप्टर भिंतीतून काढून त्यावर काय छापलंय ते वाचा. बहुतेक फायबरचे डबे १२ व्होल्टचे असतात, पण अँपिअर १, १.५ किंवा २ असू शकतो आणि काही जुने राउटर ९ व्होल्टचेही निघतात. मिनी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर राउटर चालवणारी छोटी बॅटरी, घेताना व्होल्ट अगदी तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त. ९ व्होल्टच्या राउटरला १२ दिले तर तो जळू शकतो. पिनही बघा. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिना सारख्याच दिसतात, पण आतलं भोक एकीचं २.१ आणि दुसरीचं २.५ असतं. मोठ्या भोकाची पिन छोट्या सॉकेटमध्ये सैल बसते आणि टेबलाला धक्का लागला तरी राउटर रिस्टार्ट होतो. लोक मग महिनाभर लाईनमध्ये दोष शोधत बसतात.

खोक्यावर "८८०० एमएएच" लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं. म्हणजे साडेबत्तीस वॉट-अवर, त्यातले हाती लागतात साधारण सत्तावीस. राउटर ८ ते १० वॉट खातो, तेव्हा तीन तास धरून चाला. खोक्यावरच्या आठ तासांवर जाऊ नका. घरी इन्व्हर्टर असला तरी मिनी यूपीएस लागतोच. इन्व्हर्टर "इको" किंवा "नॉर्मल" मोडवर असेल तर लाईट जाताना क्षणभर खंड पडतो. पंख्याला तो कळत नाही, राउटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि संध्याकाळी लाईट दहा वेळा गेली तर दहा वेळा. इन्व्हर्टरच्या मागचं बटण "यूपीएस" मोडवर टाकल्याने बराच फरक पडतो.

रात्रभर लाईट नसणाऱ्या वाड्यांसाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी जास्त कामाची. ती ८४ वॉट-अवरची असते, पण निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून एका बॅटरीवर चार तास धरा आणि गरजेप्रमाणे मोठी घ्या. ती राउटरला थेट जोडू नका. चार्जिंगला असताना ती १४ व्होल्टच्या वर जाते आणि उतरताना ११ च्या आसपास येते. मध्ये १२ व्होल्ट कायम ठेवणारा बक-बूस्ट रेग्युलेटर हवा, आणि बॅटरीच्या प्लस टोकाजवळ ३ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज राउटरकडे लावून उपयोग नाही, कारण वायर उंदराने मध्येच कुरतडली तर शॉर्ट त्याच्या अलीकडे होतो. एक जादा अडॅप्टर घरात पडून असू द्या. गेलेली लाईट झटक्यात परत येते तेव्हा सगळ्यात आधी मरतो तो अडॅप्टर.

आकाशातल्या विजेचं वेगळं भान ठेवा. फायबरची काच वीज वाहून आणत नाही, पण खांबावरून येणाऱ्या बऱ्याच केबलींत आधाराला पोलादी तार असते. ती तार घराबाहेरच्या हुकालाच अडकवून तिथेच संपवायला सांगा. तारेसकट केबल राउटरपर्यंत आत आणू नये. शेजारच्या घरातून तांब्याची लॅन वायर उघड्यावरून ओढून नेट वाटून घेणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार. जवळपास वीज पडली की दोन्ही घरांतली यंत्रं एकदम जातात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं "दामिनी" ॲप जवळच्या विजेची सूचना देतं. ती आली की अडॅप्टर आणि लॅन दोन्ही काढून ठेवायचं, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता लाईन. मे महिन्यात केबलवाल्याला एकदा बोलवाच, जूनमध्ये तो सापडत नाही. त्याच्याकडून ऑप्टिकल पॉवर, म्हणजे केबलमधून घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचा जोर, मोजून घ्या आणि तो आकडा राउटरच्या पाठीवर तारखेसकट चिकटवा. तो डीबीएममध्ये असतो, आणि उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितका जोर कमी. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर ठीक. उणे २५ म्हणजे पावसात रडणार, उणे २७ च्या पुढे बंदच. बऱ्याच डब्यांत हा आकडा ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून "पॉन" किंवा "ऑप्टिकल" पानावर घरीच दिसतो. जुलैमध्ये तो तीनने घसरला तर जॉइंटमध्ये पाणी शिरलंय, कनेक्टर मळलाय किंवा केबल कुठे तरी दुमडली आहे. जागेवर दाबून बसवलेल्या "फास्ट कनेक्टर"पेक्षा मशीनने वितळवून जोडलेला सांधा टिकतो. वरखर्च मागितला तरी द्या, पावसाळा निघतो.

खांबापासून घरापर्यंत केबल कुठून येते ते स्वतः चालत बघा. रस्ता ओलांडताना ती खाली लोंबत असेल तर पेंढ्याचा पहिला ट्रक ती घेऊन जाईल. फांदीला घासत असेल तर फांदी आत्ताच छाटा. घराजवळ दहा मीटर जादा केबलचं वेटोळं ठेवून घ्या, म्हणजे तुटली तर सांधा न मारता पुढे ओढता येते. वेटोळं ताटलीएवढं मोठं असू द्या, मुठीएवढं केलं तर काचेतून प्रकाश गळतो. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, नाहीतर पाणी केबलवरून ओघळत थेट डब्यात येतं. आतला भाग पीव्हीसी पाइपातून न्या, कारण माळ्यावरचे उंदीर सोडत नाहीत. हिरव्या टोकाचा कनेक्टर काढला तर बोटाने पुसू नका आणि त्यात डोकावू नका. आतला लेझर दिसत नाही, पण असतो.

दिव्यांची भाषा घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. "लॉस" लाल म्हणजे राउटरपर्यंत प्रकाशच येत नाही, बहुधा बाहेर केबल तुटली आहे; मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग नाही. "पॉन" लुकलुकतोय म्हणजे प्रकाश येतोय, पण पलीकडच्या मशीनशी नोंदणी होत नाही. दोन्ही ठीक आणि तरी नेट नाही, तर बिल, पासवर्ड किंवा केबलवाल्याच्या पुढची लाईन. "नेट चालत नाही" या तक्रारीला "बघतो" एवढंच उत्तर मिळतं. "लॉस लाल आहे, सकाळी सव्वासातपासून" असं सांगितलं तर माणूस शिडी घेऊन येतो.

मोबाईलच्या रेंजचं बोलताना दांड्या मोजणं सोडा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये "फोनविषयी", मग "सिम स्थिती", तिथे सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. उणे ९० पर्यंत छान, उणे १०५ ला कॉल होतो पण नेट रडतं, उणे ११५ च्या पुढे नशीब. ओटा, माळा, पडवी, मागची विहीर अशा ठिकाणी मोजा आणि कागदावर लिहा. पत्र्याच्या घरात आत-बाहेर मोठा फरक दिसेल, कारण पत्रा सिग्नल परतवतो. कौलारू घरात हा फरक कमी असतो. आणि इथली एक गंमत: मे महिन्यात साग उघडा-बोडका असतो. जूनमध्ये पानं फुटतात, ती भिजतात, आणि टॉवर सागाच्या रानापलीकडे असेल तर मेमधला आकडा जुलैत सहज खाली येतो. म्हणून आज जिथे उणे १०५ आहे ती जागा पावसाळ्यासाठी धरू नका, त्याहून दहाने बरी जागा शोधा. दांड्या भरलेल्या आणि रात्री नऊला तरी नेट नाही, असं असेल तर दोष रेंजचा नाही, टॉवरवर गर्दी आहे. तिथे अँटेना लावून काही होत नाही, सकाळी सहाला कामं उरका.

ऑनलाइन मिळणारे "सिग्नल बूस्टर" घेऊ नका. परवान्याशिवाय ते बेकायदा आहेत, आणि स्वस्तातले यंत्र टॉवरकडे इतका गोंगाट पाठवतं की अख्ख्या वाडीची रेंज बिघडते. त्याऐवजी बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला ४जी राउटर आणि टॉवरकडे तोंड केलेली दिशादर्शक अँटेना हा सरळ मार्ग. तिला वायरी दोन लागतात, एकच लावली तर वेग अर्ध्यावर येतो. साधी पातळ वायर दर मीटरला साधारण अर्धा डेसिबल खाते, म्हणजे दहा मीटर वायरीत अँटेनाची बरीच कमाई संपते. म्हणून राउटरच वर, पावसापासून झाकून, अँटेनाच्या पायथ्याशी ठेवा आणि खाली लॅन वायर आणा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. दोन कंपन्यांची सिमं घेतली म्हणजे सोय झाली असं नसतं. एकाच मनोऱ्यावर दोघांच्या अँटेना असतात, बॅटरी आणि डिझेल तेच, आणि कधी कधी मागची फायबरही त्याच रस्त्याकडेने जाते. जेसीबीचा एक घाव बसला की दोन्ही फोन एका मिनिटात मुके. दुसरी सोय दुसऱ्या वाटेने यायला हवी. सरकारच्या "तरंग संचार" पोर्टलवर आपल्या परिसरातले टॉवर आणि त्यांवरच्या कंपन्या दिसतात. तिथे बघून वेगळ्या टेकडीवरच्या टॉवरचं सिम निवडा. घरात खाजगी केबल असेल तर दुसऱ्या सिमसाठी बीएसएनएलचा टॉवर कुठे आहे तेही बघा. काही दुर्गम ठिकाणी तोच असतो. ग्रामपंचायतीत भारतनेट, म्हणजे सरकारची गावोगावची फायबर लाईन, चालू असेल तर तिसरी वाट तिथून मिळते. दुसरं सिम रिचार्ज करत राहा. ९० दिवस वापर नसलेलं सिम कंपनी बंद करू शकते, आणि ते कळतं नेमकं गरजेच्या रात्री.

फोनमध्ये "व्होल्टी" (४जी वरून कॉल) आणि "वायफाय कॉलिंग" (वायफायवरून कॉल) दोन्ही सिमांसाठी चालू करा. रेंज अगदी फिकी असेल तर फोन तिलाच चिकटून बसतो आणि कॉल वायफायवर जात नाही; तेव्हा विमान मोड लावून वायफाय चालू करायचं. अशा वेळी ओटीपी येतो का ते आधीच तपासा, येत नसेल तर बँकेत ईमेलवरचा ओटीपी सुरू करून घ्या. ५जी अधूनमधून डोकावत असेल तर फोन ४जी वर बांधून ठेवा, नाहीतर तो दिवसभर उड्या मारत बॅटरी संपवतो. म्हाताऱ्या माणसांजवळ एक बटणाचा फोन असू द्या, पण जिओचं सिम २जी फोनवर चालत नाही हे लक्षात ठेवून.

ठाण्या-ऐरोलीच्या ऑफिसचं काम गावातून करणाऱ्यांनी मीटिंगला फोनवरून जोडायचा नंबर आणि पिन कागदावर लिहून ठेवावा. नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिट पुरतात, व्हिडिओला त्याच्या दहापट लागतात. विंडोजमध्ये मोबाईल हॉटस्पॉट "मीटर्ड", म्हणजे मोजका डेटा असलेला, करून ठेवा, नाहीतर अपडेट सगळा डेटा गिळतं.

पैशांचं. धसई डिसेंबर २०१६ मध्ये कॅशलेस गाव म्हणून गाजलं, पण स्वाइप मशीनलाही नेटची लाईन लागतेच. यूपीआय लाइटमध्ये थोडे पैसे भरून ठेवा, त्यात पिन लागत नाही आणि व्यवहार लवकर उरकतो. नेटशिवाय पैसे पाठवायचं *९९# आपल्या सिमवर चालतं का ते एकदा करून बघा. आणि आठवडाभर पुरतील इतक्या सुट्या नोटा घरात ठेवा. दुकानदाराकडे सुटे नसतात, हा गावचा खरा प्रश्न.

दरवाजामागे एक कागद: लाईनमन, केबलवाला, आरोग्य केंद्र, शेजारच्या वाडीतला दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला माणूस, महावितरण १९१२ आणि १८००-२१२-३४३५, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७. फोनवर "फक्त आणीबाणीचे कॉल" दिसत असेल तरी ११२ लावून बघा, तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. ठाण्याला असलेल्या मुलांशी ठरवा: फोन लागला नाही तर एसएमएस टाकायचा. रेंज क्षणभर आली तरी एसएमएस निघतो आणि पोचतो, कॉलला तेवढं पुरत नाही.

तक्रार कंपनीच्या १९८ वर करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, तारखेसकट त्याच कागदावर लिहा. तो नसेल तर पुढच्या अपिलाला आधारच राहत नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी मेन स्विच पाडा आणि तीन तास तसेच राहा. कॉल लावा, ओटीपी मागवा, यूपीआय करा, मिनी यूपीएस किती वाजता मेला ते लिहा. ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाच्या गडगडाटाआधी हेच पुन्हा करा. मेमध्ये तीन तास टिकलेला यूपीएस दीड तासातच मेला किंवा त्याचा डबा फुगलेला दिसला तर सेल बदला, फुगलेला सेल घरात ठेवू नका.