परदेशातून घरी फोन करायचाय, पण बिल नकोय? मग हे वाचा

परदेशात मोबाईलचं बिल फुगतं ना, ते आपण घरी फोन केल्यामुळे कमी आणि आपण न केलेल्या गोष्टींमुळेच जास्त फुगतं. कोणाचातरी फोन आला आणि सवयीने उचलला (पॅक नसेल तर रोमिंगमध्ये इनकमिंगलाही बऱ्याचदा मिनिटावर पैसे लागतात), किंवा मागच्या मागे फोटोंचा बॅकअप सुरू राहिला, किंवा कॉल उचललाच नाही म्हणून तो व्हॉइसमेलला (आवाजात निरोप ठेवायच्या सोयीला) गेला आणि काही कंपन्यांकडे त्याचे पैसे दोनदा लागतात, एकदा तुमच्यापर्यंत येताना आणि एकदा परत जाताना. म्हणून कुठलं ॲप सगळ्यात स्वस्त वगैरे नंतर बघू, आधी ही गळती बंद करा.

हे काम निघायच्या आधी घरी बसूनच उरकायचं. नेहमीच्या सिमचं डेटा रोमिंग बंद करा, आणि ##००२# डायल केलं की बहुतेक नेटवर्कवर सगळं कॉल फॉरवर्डिंग (कॉल दुसरीकडे वळवणं) रद्द होतं, म्हणजे व्हॉइसमेलची कटकट संपली. दोन सिम वापरणार असाल तर अजून एक बघा, आयफोनमध्ये 'अलाव सेल्युलर डेटा स्विचिंग' म्हणून एक बटण असतं, ते चालू राहिलं तर एका सिमची रेंज गेली की फोन आपणहून दुसऱ्या सिमचा डेटा घेतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. ते बंदच ठेवा.

पण म्हणून घरचं सिम काढून पाकिटात टाकू नका हां. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार, आणि रोमिंगमध्ये एसएमएस येणं बहुतेक कंपन्यांकडे फुकट असतं (तुमच्या कंपनीला एकदा विचारून घ्या). सिम फोनमध्ये राहू दे, डेटा बंद, आणि त्यावर आलेला कॉल उचलायचा नाही, एवढंच पाळायचं.

आता बोलायचं कशावरून? व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम, फेसटाइम, काहीही चालेल, घरच्यांकडे जे आधीपासून आहे ते सगळ्यात बेस्ट. नवीन सिम टाकलं तरी व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं, 'नंबर बदलायचा का' असं विचारलं तर नाही म्हणा. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे डेटा मोजून वापरायचा असेल तर चेहरा बघायचं काम हॉटेलच्या वायफायवर करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा मध्ये 'यूज लेस डेटा फॉर कॉल्स' आहे, ते चालू करून टाका.

खरी गडबड होते ती समोरच्या फोनवर, आणि याकडे कोणी लक्षच देत नाही. तुम्ही सगळं नीट सेट करून जाता आणि घरी वडीलधाऱ्या माणसांच्या फोनवर रिंगच वाजत नाही, कारण फोनने बॅटरी वाचवायला ॲपला झोपवलेलं असतं. म्हणून निघायच्या आधी त्यांच्या फोनमध्ये त्या ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नोटिफिकेशन आणि मायक्रोफोनची परवानगी चालू आहे ना ते बघा, मग दुसऱ्या खोलीत जा आणि त्यांचा फोन लॉक असताना कॉल लावा. त्यांनी स्वतः उचलला पाहिजे! बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हिरवं बटण नुसतं दाबून उपयोग नसतो, वर सरकवावं लागतं, आणि इथेच माणसं अडकतात, तर हे दोनतीनदा करून घ्या. तुमचं नाव चॅटमध्ये सगळ्यात वर पिन करून ठेवा म्हणजे त्यांनाही लावता येईल. माझ्या मते कुठल्याही प्लॅनपेक्षा ही पंधरा मिनिटं जास्त कामाची आहेत.

नेटचं म्हणाल तर फुकट वायफाय आहेच, फक्त काही एअरपोर्टवर त्याचाही ओटीपी मोबाईलवर येतो, म्हणून पण घरचं सिम चालू हवं. व्हॉट्सॲपचे कॉल २०१६ पासून एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मधल्या कोणाला ते ऐकता येत नाहीत, तेव्हा उघड्या वायफायवर बोलायला तितकं घाबरायचं कारण नाही. बाहेर फिरताना नेट हवं असेल तर इ-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच भरायचं सिम) सोपं पडतं. *#०६# डायल करा, आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) सोबत ईआयडी (इ-सिमचा क्रमांक) दिसला तर फोनमध्ये इ-सिम चालतं, पण फोन एकाच मोबाईल कंपनीला लॉक केलेला नसावा. प्रवासाची इ-सिम बहुतेक फक्त डेटाची असतात, नंबर मिळत नाही, घरी बोलायला तेवढं पुरतं. जास्त दिवस राहणार असाल तर तिथलंच सिम घ्या, बऱ्याच देशांत त्याला पासपोर्ट दाखवावा लागतो. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम बाकीच्या सदस्य देशांत जादा पैशांशिवाय चालतं, थोड्या दिवसांच्या फिरण्यापुरतं, मात्र स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्यात आपोआप येत नाहीत.

वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी वायफायवरून साधा कॉल) हा अजून एक चांगला प्रकार, तुमची कंपनी परदेशातून ते करू देत असेल तर हॉटेलमधून लावलेला साधा कॉल घरून लावल्यासारखा धरला जातो. यात आधी फ्लाइट मोड लावायचा आणि मग वायफाय चालू करायचं, नाहीतर वायफाय ढेपाळलं की कॉल गुपचूप रोमिंगवर उडी मारतो. आणि याच्यावरून त्या देशातला नंबर लावला तर तो इंटरनॅशनल धरला जाऊ शकतो, ते वेगळं.

सगळीकडे सगळं चालत नाही हेही बघा. चीनमध्ये व्हॉट्सॲप बंद आहे, तिथे वीचॅट चालतं, पण त्यावर भारतात २०२० मध्ये बंदी आली, म्हणून घरी बोलायला काय चालेल ते आधीच बघून ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात पण कॉल अडवले जातात, तिथे बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप वापरतात.

घरी स्मार्टफोनच नाही, नुसता लँडलाइन आहे? मग ॲपमध्ये थोडे पैसे भरून फोन लावायचा, व्हायबर आउट किंवा रेबटेल वगैरे. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, जुने लेख वाचून ते शोधत बसू नका. कॉलिंग कार्ड (आधी पैसे भरून घ्यायचं फोनचं कार्ड) घेत असाल तर नुसता मिनिटाचा दर बघू नका, कनेक्शन फी आणि मुदत छोट्या अक्षरात लिहिलेली असते.

नंबर सेव्ह करताना अधिकचं चिन्ह, देशाचा कोड आणि मग नंबर असाच करा, कारण दुसऱ्या देशात फोन लावताना आधी दाबायचा आकडा अमेरिकेत ०११, जपानमध्ये ०१०, ऑस्ट्रेलियात ००११ आणि बऱ्याच ठिकाणी ००, कुठे लक्षात ठेवणार. शून्यावर बोट दाबून धरलं की अधिक येतं.

जहाजावर आणि विमानात मोबाईल फ्लाइट मोडवरच ठेवा, तिथलं नेटवर्क सॅटेलाइटवरून चालतं आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही. सीमेजवळ राहत असाल तर नेटवर्क ऑटोमॅटिक वरून मॅन्युअल करा, शेजारच्या देशाचा टॉवर पकडला जातो.

आणि हो, मध्येच नेट चालत नाही म्हणून वैतागून इ-सिम डिलीट करू नका, ते टाकायचे बरेच क्यूआर कोड एकदाच चालतात. आधी त्या इ-सिमचं डेटा रोमिंग चालू आहे का बघा, हो, त्याचं चालूच ठेवावं लागतं, बंद करायचं ते घरच्या सिमचं.