कोकणात फिशटँक ठेवताय? खर्च वाढवणाऱ्या या चुका टाळा

कोकणात फिशटँक सुरू करणारे बहुतेक जण आधी मासे पसंत करतात, मग टाकी घेतात, फिल्टर दुकानदार देईल तो आणि पाणी घरात येतं ते. खर्चाच्या दृष्टीने हा क्रम अगदी उलटा आहे. आपल्याकडे टाकीचा खर्च दोन गोष्टींवर ठरतो: विहिरीचं पाणी आणि पावसाळ्यातली वीज. त्यांची माहिती आधी घेतली, तर टाकी वर्षानुवर्षं थोडक्या पैशांत चालते. नाही घेतली, तर मासे पुन्हा पुन्हा विकत आणावे लागतात आणि औषधांच्या बाटल्या साठत जातात.

पाणी न तपासता मासे आणणं

सड्यावरच्या जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक वेळा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. पावसाने जांभ्यातला चुना केव्हाच धुऊन नेलेला असतो, त्यामुळे पाण्यात क्षार फार उतरत नाहीत. अशा पाण्यात मॉली सोडली की थोड्याच दिवसांत ती एका जागी उभी राहून थरथरायला लागते, पर मिटून घेते. लोकांना तो रोग वाटतो आणि औषध आणलं जातं. खरं तर तिला जड पाणी हवं असतं. प्लॅटी आणि गप्पीचंही तसंच. उलट टेट्रा, एंजल, कोरिडोरास यांना हेच मऊ पाणी मानवतं. घाटावर बोअरचं जड पाणी वापरणाऱ्यांना या माशांसाठी आरओ बसवावा लागतो, तुम्हाला तेच पाणी घरच्या रहाटावर फुकट मिळतं. मग मासेही त्याला साजेसे घ्या.

खाडीजवळ गोष्ट वेगळी. तिथल्या काही विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. पावसाळ्यात गोडं आणि मे महिन्यात मचूळ अशा पाण्यावर टेट्रा ठेवणं म्हणजे दरवर्षी नव्याने खरेदी. तिथे मॉली चांगली टिकते.

म्हणून पहिली खरेदी पीएच (पाणी किती आम्लधर्मी), केएच (पीएच सावरून धरणारे क्षार) आणि जीएच (पाण्याचा जडपणा) मोजणाऱ्या किटची करा. पाणी एकदा मेमध्ये आणि एकदा ऑगस्टमध्ये तपासा. केएच फार कमी निघाला तर टाकीचा पीएच हळूहळू घसरत जातो. तो ६ च्या खाली गेला की फिल्टरमधले उपयोगी जीवाणू जवळजवळ काम थांबवतात. त्यासाठी पीएच टिकवून धरणारं महागडं बफर आणायची गरज नाही. घरात तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) कालवण झालं की कवचं उकळून, स्वच्छ धुऊन, वाळवून कुटा आणि मूठभर चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. दर आठवड्याला पीएच बघत राहा.

मात्र हेच शिंपले तळाच्या वाळूत नकोत. समुद्राची पुळण फुकट मिळते म्हणून पोतं भरून आणणारे खूप आहेत. तिच्यात शंख-शिंपल्यांचा चुरा आणि मीठ असतं, आणि मऊ पाण्यातल्या माशांच्या टाकीत तिचा तळ पसरला की पाणी सतत जड होत राहतं. शंका असेल तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर ती वाळू वापरू नका. बांधकामासाठी आलेली नदीची वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुतली तरी काम भागतं.

आणखी एक. पावसाळा सुरू झाला की विहिरींत आणि नळयोजनेच्या टाक्यांत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली जाते. माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरच्या जीवाणूंना क्लोरीन घातक. पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवून त्यात एअर पंप सोडा, नाहीतर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब वापरा. बाटली स्वस्त असते आणि खूप दिवस पुरते.

मे महिन्याचं पाणी न मोजता टाकीचं माप ठरवणं

२४ × १२ × १२ इंचाच्या टाकीत साधारण ५६ लिटर पाणी बसतं. आठवड्याला पाव भाग बदलायचं म्हटलं तर १४ लिटर, म्हणजे जेमतेम एक बादली. ३६ × १५ × १८ इंचाच्या टाकीत मात्र १५९ लिटर बसतं आणि दर आठवड्याला सुमारे ४० लिटर लागतं. एप्रिल-मेमध्ये ज्या वाडीत टँकर येतो, तिथे हे ४० लिटर कोणी खुशीने देणार नाही. मग पाणी बदलणं थांबतं, आणि नेमकं उन्हाळ्यात थांबतं. २० अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसातच. घाण पाणी आणि कमी हवा एकत्र आली की मासे तोंड वर काढतात. तुमच्या वाडीत मेमध्ये किती पाणी असतं त्यावरून टाकीचं माप ठरवा. काढलेलं पाणी अबोलीला, कढीपत्त्याला घाला, झाडं ते आवडीने घेतात.

टाकी कशावर ठेवायची हाही पैशाचाच प्रश्न. किनाऱ्यावर लोखंडी अँगलचा स्टँड खाऱ्या हवेने काही वर्षांत गंजतो आणि पावसाळ्यात प्लायवूड फुगतं. इथे चिरे सहज मिळतात. दोन बाजूंना चिऱ्यांचे दोन खांब, वर कडाप्पा, त्यावर थर्माकोलची शीट आणि मग टाकी, एवढं पुरे. मोठ्या टाकीचं वजन पाणी, वाळू, काच धरून २०० किलोच्या वर जातं हे लक्षात ठेवा.

लाईट जाणार हे गृहीत न धरणं

खूप मासे याच कारणाने जातात, म्हणून याबद्दल सविस्तर लिहितो.

आधी विजेचा खर्च, कारण लोक उगाच घाबरतात. ८ वॉटचा फिल्टर चोवीस तास चालला तर महिन्याला पावणेसहा युनिट. ४ वॉटचा एअर पंप पावणेतीन. १२ वॉटचा एलईडी रोज सात तास लावला तर अडीच. सगळे मिळून महिन्याला अकरा युनिट. आपल्या बिलावरचा दर लावून बघा, रक्कम फार नसते.

खरा खर्च वीज नसताना होतो. जून-जुलैच्या वादळी रात्री फांदी तारेवर पडली की लाईट कधी येईल याचा भरवसा नसतो. कॅनिस्टर फिल्टर बंद डब्याचा असतो. त्यातलं पाणी थांबलं की जीवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, काही तासांत ते मरायला लागतात आणि आतलं पाणी कुजतं. लाईट आली की तेच पाणी टाकीत येतं. म्हणून वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर सुरू करण्याआधी उघडून त्यातलं पाणी ओतून टाका आणि आतला मीडिया (ज्यावर जीवाणू वाढतात तो स्पंज वगैरे) टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या.

माझं स्पष्ट मत असं की कोकणात पहिल्या टाकीला महाग कॅनिस्टर घेऊच नये. चार्जिंगवर चालणारा एअर पंप आणि त्याला जोडलेला स्पंज फिल्टर ही जोडी दोन-तीन फुटी टाकीला पुरते. किंमत कमी, दुरुस्ती सोपी, लाईट गेली तरी पंप चालू. घरात इन्व्हर्टर असेल तर टाकीचा पॉईंट त्यावर घ्या, इतक्या कमी वॉटचा भार बॅटरीला जाणवत नाही. काहीच नसेल तर दर तासाला तांब्याने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत सोडा.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला असेल तर वीज जाताच नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं, तिथून प्लगपर्यंत पोचतं. पंप वर ठेवा किंवा नळीत छोटा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. विजा चमकू लागल्या की सगळे प्लग काढा आणि बॅटरीवरचा पंप चालवा.

टाकी आणि मासे एकाच दिवशी

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून माशांना घातक असा अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आम्लधर्मी पाण्यात त्याहून जास्त. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले की दहाव्या-पंधराव्या दिवशी ते मरू लागतात, आणि दोष खाद्याला दिला जातो. ओळखीच्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर त्यांचा वापरात असलेला स्पंज मागून घ्या. पैसे लागत नाहीत आणि काही आठवडे वाचतात. स्पंज नळाखाली धुऊ नका.

मुंबईहून येताना कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजारातून मासे आणत असाल तर पिशवी घरी आल्यावर तासभर उघडी ठेवून थेंब थेंब पाणी घालत बसू नका. रात्रभराच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, उघडा, जाळीने मासे उचला आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या.

हीटर, औषधं आणि सुट्टीतले पाहुणे

मालवण-वेंगुर्ल्याला हीटर बहुतेकदा पडून राहतो. दापोलीची थंडी वेगळी, तिथे घ्या. लिटरमागे सुमारे एक वॉट हे माप धरा. ५० वॉटचा हीटर दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला १८ युनिट जातात, म्हणजे बाकी सगळ्या उपकरणांहून जास्त.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर माशांच्या अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके येतात. पाणी एकदम थंड झालं की हा त्रास दिसतो. लोक दोन दिवस एक औषध, मग दुसरं, मग तिसरं घालतात. हे ठिपके एका परजीवीचे असतात, आणि तो अंगावरून सुटून पाण्यात पोहत असतो तेव्हाच औषध त्याला लागू पडतं. म्हणून एकच औषध लेबलवर लिहिल्याप्रमाणे पूर्ण मुदत द्या. बदलायचं पाणी आधी घरात ठेवून टाकीच्या तापमानाला आणा, निम्मा त्रास तिथेच टळतो.

मे महिन्यात चाकरमानी येतात, मुलं दिवसातून पाच वेळा खाद्य टाकतात. त्यांना दोष नको, रोजचं खाद्य छोट्या डबीत मोजून त्यांच्या हाती द्या. तुम्ही आठवडाभर बाहेरगावी गेलात तरी मोठे, निरोगी मासे उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांवर काम सोपवायचं असेल तर पुड्या बांधून ठेवा.

काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा फूटभराच्या वर वाढतो, दोन फुटी टाकीत तो मावत नाही. नकोसा झाला की लोक त्याला वहाळात सोडतात. तसं कधीही करू नका, आपल्या नद्यांतल्या माशांवर त्याची झळ येते. मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या किंवा दुकानात परत करा.